अर्धं आटवलेलं पाणी

सिंगापूरच्या नळाच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्यासाठी मी पाच वर्षं ते पाणी रोज उकळून अर्धं आटवलं आणि उरलेलं अर्धं माझ्या मुलीला पाजलं. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी जातं. फ्लोराइड पातेल्यातच राहतं, फक्त आता जागा कमी असल्यामुळे दाटीवाटीने.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेब तपासतो. आत आलेलं बाहेर गेलं नसेल तर ते आतच असणार, ह्या एका गोष्टीवर माझा पगार चालतो. ऑफिसात ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी कळते. स्वयंपाकघरात शिरलो की मात्र मी माझ्या मामीचा भाचा होतो. मामीकडे पाण्याच्या कुठल्याही दोषावर एकच इलाज होता. ताप आला, खोकला झाला, पाणी गढूळ आलं, परगावी जाऊन आलो, की पातेलं चुलीवर. “अर्धं आटव, काही राहत नाही,” असं ती म्हणायची. मी वाढलो, सी.ए. झालो, समुद्र ओलांडला, आणि पातेल्यापुढे उभा राहिलो की तेच म्हणायचो. बायको पुण्याची, म्हणजे तिला बहुतेक सगळं आधीच माहीत असतं. तिनेही एकदा विचारलं होतं की ते फ्लोराइड जातं तरी कुठे. मी म्हणालो, वाफेवर बसून जातं. इतक्या खात्रीने म्हणालो की तिने पुन्हा विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या छताचा रंग सोलून पोपडे पडायला लागले तेव्हा मी तिला वर बोट करून दाखवलं की बघ, तिथे चाललंय सगळं.

आता ही भीती कुठून आली ते सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच मूर्ख वाटेन. मूर्ख आहेच, पण नुसता नाही.

आमचं गाव यवतमाळकडचं. माझ्या जन्माआधी पाच-सहा वर्षं, दुष्काळात तिथे पहिला हातपंप आला. खोल बोअर मारलं, पाणी लागलं, लोकांनी नारळ फोडला, पंपाला हळदकुंकू वाहिलं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, ती तेव्हा रांगत होती. त्या पाण्यात जमिनीतलंच फ्लोराइड होतं, आणि भरपूर होतं. हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पाणी स्वच्छ दिसायचं, चवीला गोड लागायचं. मी जन्मलो आणि आई अंथरुणाला खिळली, म्हणून मामीने मला तान्हाच उचलून अमरावतीला नेलं. ताईला नेलं नाही. दोन लेकरं कोण सांभाळणार, आणि आईला बघायला घरात कुणीतरी हवंच होतं.

मी सुट्टीत गावी जायचो तेव्हा मला वाटायचं, ह्या गावात कुणी हसत नाही. नंतर कळलं, हसतात, पण तोंड मिटून. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असायचे, मोठ्यांचे दात झिजून खडबडीत झालेले. ताई हसताना उजव्या हाताचा पंजा तोंडावर धरायची. वीस-पंचविशीतच माणसं पाठीत वाकायची. संध्याकाळी पारावर बसलेल्या लोकांना मी लांबून हाक मारली की एकही मान वळायची नाही. कमरेपासून अख्खी माणसं वळायची, सावकाश, सगळी एकदम. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. खरं सांगायचं तर अजूनही वाटते. लिफ्टची वाट बघताना कुणी शेजारी मान न हलवता सगळा वळला की मी जिन्याने जातो.

ताईचं लग्न त्याच गावात झालं, त्याच पंपावर पाणी भरणाऱ्या घरात. तिथे कुणी कुणाचे दात बघत नव्हतं. पुढे कधीतरी सरकारी माणसं आली, पाणी तपासलं, कुणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंग फासून गेली. तोवर ताईचीही मान वळेनाशी झाली होती.

माझे दात मात्र पांढरेशुभ्र. लहानपणी गावच्या बायका माझी हनुवटी धरून तोंड उघडून बघायच्या आणि काही न बोलता सोडून द्यायच्या.

अशा माणसाला मुलगी दोन वर्षांची होण्याच्या सुमारास एक ईमेल येते. त्या काळात ईमेल पुढे ढकलण्याची साथ होती. कर्करोगावर कारलं, मोबाइलने पेटलेला पेट्रोल पंप, असलं काय काय फिरायचं. ह्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की सिंगापुरात नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. शोधून पाहिलं तर खरंच घालतात, आणि लपवतही नाहीत. दात किडू नयेत म्हणून अनेक वर्षं घालत आलेत. मी खिडकीपाशी उभा राहून बराच वेळ नळाकडे बघत राहिलो. शेवटी सोडला. त्या पहिल्या धारेत मला हातपंपाच्या दांड्याची कुरकुर ऐकू आली. नळ नवा होता, कुरकुरायचं त्याला काही कारण नव्हतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. एक म्हणजे पातेलं. दुसरी म्हणजे भाषणं.

आमच्या मराठी मंडळींचं रविवारी कुणाच्यातरी कॉन्डोत जमायचं चालू असायचं. बटाटेवडे संपले की पुरुषांना वाद लागायचा. तेव्हा सरकारने सांडपाणी शुद्ध करून बाटल्यांत भरून फुकट वाटायला सुरुवात केली होती, त्यामुळे पाणी हा विषय आयताच ताटात असायचा. मी त्यात फ्लोराइड आणायचो. लोक म्हणायचे, अरे थोडंसं असतं. काही म्हणायचे, चांगलं असलं तरी न विचारता पाजायचा ह्यांना काय अधिकार. ऑफिसातल्या एका वयस्कर चिनी सहकाऱ्याने मला सांगितलं होतं की तो लहान असताना त्याच्या कंपोंगात, म्हणजे खेड्यात, पोरांचे दात दुधाचे असतानाच किडून काळे व्हायचे, रात्रभर रडणं असायचं, आणि हे पाणी आल्यावर त्याच्या धाकट्या भावंडांना ते सोसावं लागलं नाही. हे मी तिथे कधी सांगितलं नाही. माझ्या बाजूचं नव्हतं ना.

त्या मंडळीत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, पाया लेबार भागातल्या एका मॉलमध्ये त्यांचं क्लिनिक होतं. एका रविवारी त्या शांतपणे म्हणाल्या की मात्रेचा प्रश्न असतो, मीठसुद्धा मूठभर खाल्लं तर माणूस मरतो. मी वड्याची बशी खाली ठेवली आणि माझा हुकमाचा एक्का काढला. ताई. तिचे दात कसे आहेत, ती हात कसा धरते, तिची मान कशी वळत नाही. मी उठून करून दाखवलं. कमरेपासून वळलो. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी मीठ तिथेच सोडलं. कोण बोलणार? पुढे कुठेही वाद लागला की मी ताई काढायचो, आणि प्रत्येक वेळी जिंकायचो. गावातल्या पाण्यात किती आणि इथल्यात किती, हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नाही. मला स्वतःलाही नाही.

मुलगी सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात ताई सिंगापूरला आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. मान वळत नसल्यामुळे खिडकीतून काही दिसलं नाही, असं तिने आल्या आल्या सांगितलं, तक्रार म्हणून नाही, प्रवासाची हकिकत म्हणून. माझ्या मुलीने तिला बघितलं आणि ती त्याच दिवशी आत्याची झाली. तिच्याशीच जेवायची, तिच्याशीच झोपायची. एकीचं मराठी वऱ्हाडी, दुसरीचं अर्धं इंग्रजी, पण दोघींचं अखंड चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात आली. पातेल्यातलं पाणी खळखळत होतं, काठापासून बरंच खाली गेलेलं.

“हे काय करून रायला रे तू?”

“पाणी आटवतोय.”

“दूध आटवते लोकं, बासुंदीसाठी. पाण्याचं काय बनवतं तू?”

मी जंतू वगैरे सांगून वेळ मारून नेणार होतो. पण मुलगी टेबलाशी बसून पाव खात होती. ती म्हणाली, “बाबा सेज वॉटर गॉट पॉयझन, आत्या.” पॉयझन ताईला कळलं. शेतकऱ्याच्या घरात तो शब्द सगळ्यांना येतो. मग मला सांगावं लागलं. म्हटलं, इथेही पाण्यात ते असतं. मुद्दाम घालतात.

“तेच?” तिने विचारलं.

“तेच.”

ह्या ‘तेच’च्या पुढे एक ‘पण’ हवा होता. माझ्याकडे तो नव्हता. इतक्या रविवारी मी तो गाळत आलो होतो की वेळेला तो सापडलाच नाही.

त्या दिवसापासून ताई पाणी पिईनाशी झाली. नारळपाणी दिलं तर घ्यायची, चहा दिला तर अर्धा ठेवायची. ओठ कोरडे पडले. मी ऑफिसला जाताना ती नळापाशी उभी दिसायची. नळ सोडायची, धार बघायची, बंद करायची. बायको सांगायची की दुपारीही तसंच चालतं. पोरीने पाणी मागितलं की ती मुद्दाम आधी तिला काहीतरी गोष्ट सांगायला घ्यायची, म्हणजे तहान विसरली जाईल. एकदा तिने मला विचारलं, मी तिकडे असताना तू इकडे पोरीला हे देत होतास आणि तुला झोप लागत होती का? मी म्हणालो, म्हणून तर आटवतो. ती माझ्याकडे वळली, सगळी, आणि बघत राहिली.

शनिवारी मी सगळ्यांना पुलाउ उबीनला नेलं. वाटलं, बेटावर जुनी घरं आहेत, कोंबड्या आहेत, झाडी आहे, ताईला बरं वाटेल. बंबोटीत, म्हणजे तिकडे नेणाऱ्या छोट्या मोटरबोटीत, ताई हाताने काठ धरून ताठ बसली. उतरल्यावर एका लाकडी घरामागे तिला विहीर दिसली. ती काठावर वाकू शकत नव्हती, म्हणून आरशात बघावं तशी लांबूनच बघत उभी राहिली. मी म्हटलं, फोटो काढू. मुलगी धावत येऊन तिला चिकटली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

दोघींनी तोंडावर उजवा हात धरला होता.

मी कॅमेरा खाली केला आणि हसत म्हणालो की अगं, तू कशाला? ती म्हणाली, “आत्या ऑल्सो डू लाइक धिस, लाह.” ताई हसली नाही. तिने मुलीच्या मनगटाला धरून हात हलकेच खाली केला आणि आपला तसाच ठेवला. तो फोटो मी काढला नाही. तरी तो माझ्याकडे आहे, काय करू.

सोमवारी सकाळी शाळेची बस यायच्या आधी मी मुलीला बाल्कनीत उजेडात धरलं आणि तोंड उघडायला लावलं. समोरचे पक्के दात नुकतेच आले होते. एकाच्या कडेला पांढरट धुरकट रेघ होती. दाताची मान फिरवून बघता येत नाही, म्हणून मी पोरीचीच मान फिरवली, एकदा अशी, एकदा तशी. रेघ जात नव्हती. ताईच्या दातांची सुरुवात पांढऱ्या रेघांनीच झाली होती, असं आई सांगायची. मला त्या बाल्कनीत, अकराव्या मजल्यावर, पार दिसला, त्यावर बसलेली माणसं दिसली, आणि त्यांच्यात माझी मुलगी शाळेच्या गणवेशात. मी हाक मारली तर तीही कमरेपासून वळणार होती.

बुद्धिमान माणूस असता तर त्याने काय केलं असतं मला माहीत नाही. मी पाणी पाव हिस्सा उरेपर्यंत आटवायला लागलो.

चार दिवसांत बायकोच्या लक्षात आलं की रोज दोन पातेली आटतायत आणि बाटली भरत नाहीये. तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि सरळ फोन उचलला. अपॉइंटमेंट मिळाली पाया लेबारला, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. मी म्हटलं, दुसरी कुणी नाही का? बायको म्हणाली, “आहे ना. पण हिला तुम्हाला ऐकवायचंय बऱ्याच दिवसांपासून, ती लवकर घेईल.” बायकोला स्वतःला त्या दिवशी रजा मिळाली नाही. मुलगी आत्याचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून ताईही आली.

क्लिनिकमध्ये शिरून बसलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीला नमस्कार केला, मग ताईकडे बघितलं, आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, “अय्या, ह्याच का त्या ताई?”

ताईचा हात तोंडाकडे गेला. मग ती माझ्याकडे वळली. खुर्चीत बसल्या बसल्या, पाय सरकवत, सावकाश. तिला काही विचारायची गरज पडली नाही. माझ्या तोंडावर सगळं असणार. मी भिंतीवरचा दाढांचा तक्ता वाचायला लागलो.

मुलीला मोठ्या खुर्चीवर बसवलं. तिने तोंडावर हात धरला. डॉक्टरीणबाईंनी गोडीगुलाबी केली, स्टिकर दाखवले, मी डोळे वटारले. हात हलेना. तिने हाताआडून सांगितलं की आत्या दाखवत नाही, मग मीपण नाही.

मी ताईकडे बघितलं नाही. ती उठल्याचं मला आवाजावरून कळलं. ती खुर्चीपाशी गेली, वाकता येत नव्हतं म्हणून दिव्याच्या खाली उभी राहिली, आणि तिने हात खाली घेतला. तोंड उघडलं. माझ्या आयुष्यात मी तिचे दात असे उजेडात पाहिले नव्हते. ज्यांचं मी खोल्या भरून वर्णन केलं ते दात मी पाहिलेच नव्हते. तपकिरी, खड्डे पडलेले, काही हिरडीपर्यंत झिजलेले. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा घेतला, हळूच आत बघितलं, एकेक दात, घाई न करता. मुलीने आत्याकडे टक लावून पाहिलं आणि मग स्वतःचं तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई ह्या तोंडातून त्या तोंडात बघत राहिल्या.

मग त्यांनी ताईला सांगितलं, मला नाही, की मुलीच्या दातावर रेघ आहे, पण इतकी पुसट की कुणी मुद्दाम उजेडात धरून शोधली नसती तर दिसली नसती. दात घट्ट आहे, चांगला आहे. हाडांना काही झालेलं नाही. तुमचं आणि हिचं एक नव्हे.

ताईने विचारलं, “मंग इथलं पाणी देऊ का नको पोरीले?”

“नळाचं द्या. तसंच.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही उकळता म्हणे. झाकण ठेवून?”

“उघडं. अर्धं होईपर्यंत. हल्ली पाव.”

“आमटी आटवल्यावर मीठ कमी होतं का हो?”

ते नळाच्या धारेखाली उभं राहिल्यासारखं अंगावर येत गेलं, डोक्यापासून खाली. पाच वर्षं. पातेलं. छताचे पोपडे. पोपड्यांत काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला सोलायचं ठरवलं असतं तर मी तयार होतो. पण त्या दमल्यासारख्या म्हणाल्या, “रेघ तुमच्या पातेल्यामुळेच आली असं मी म्हणणार नाही, ही टूथपेस्टही गिळत असेल. घालावं की नाही, किती घालावं, ह्यावर भांडा, शहाणी माणसंही भांडतात. पण ताईंच्या गावात जमिनीतून किती आलं ते कुणी मोजलंच नव्हतं. इथे मोजून घालतात, तेही कितीतरी पटींनी कमी. ते मोजलेलं तुम्ही घरी नेऊन बिघडवत होतात.”

खुर्चीच्या बाजूला चूळ भरायला कागदी पेला भरून ठेवला होता. ताईने तो उचलला. चूळ भरून टाकायची असते हे मी तिला सांगणार होतो, पण तिने सगळं पाणी पिऊन टाकलं, घटाघट, इतक्या दिवसांच्या कोरड्या घशाने. मग पेला नळीखाली धरून परत भरला आणि मुलीच्या तोंडाला लावला.

स्टेशनावर एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, वाट बघत आम्ही तिघं बाकावर बसलो. मुलगी मध्ये, तोंडात स्टिकरसोबत मिळालेलं बिनसाखरेचं चॉकलेट, हात मांडीवर. मला गप्प बसणं जमत नाही, हा माझा आणखी एक दोष. मी ताईला म्हणालो की ह्या रविवारी मी सगळ्यांना जमवतो. नीट समजावून सांगतो. तुझे दात कसे झाले आणि इथलं पाणी कसं वेगळं, दोन्ही बाजू मांडतो, कुणाच्या मनात काही राहायला नको.

ताई वळली नाही. समोर रुळांकडे बघतच म्हणाली, “माझे दात परत कोणाले सांगू नको. तुझी अक्कल सांग. लोकं हासतीन तरी.”